उपकेंद्रात रुजू होताना पेन आणि तोंड कसं सांभाळायचं

माझी पहिली ऑर्डर १९९७ च्या पावसाळ्यात निघाली. एसटीतून उतरले तशी चिखलात चप्पल रुतून तुटली आणि मी अनवाणीच आरोग्य उपकेंद्रात शिरले. ओट्यावर एक म्हातारी बसली होती. तिनं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "हे पोट्टी काय करन वो?" तेव्हापासून यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी-पांढरकवडा पट्ट्यात मी आरोग्य सेविका आहे. तीन उपकेंद्रं झाली, चौथं चालू आहे.

आमच्याकडे दर वर्षी नव्या पोरी रुजू होतात. एएनएम, म्हणजे आरोग्य सेविकेचा कोर्स, झालेल्या, बहुतेक कंत्राटी. हात चांगले असतात त्यांचे. बीसीजी देतात, शीर सापडते, नाळ नीट बांधतात. अडकतात त्या दोनच ठिकाणी: रजिस्टरात काय लिहायचं आणि गावाला काय सांगायचं नाही. पुस्तकात या दोन्हींचा मिळून 'व्यावसायिक नीतिमत्ता' असा एक धडा असतो. परीक्षेला येतो म्हणून आम्ही सगळ्यांनी तो पाठ केला आणि पेपर झाल्यावर एसटीतच विसरलो.

हे लिहिलंय ते जिची ऑर्डर निघाली आहे आणि जिनं अजून क्वार्टरचं कुलूप उघडलेलं नाही तिच्यासाठी. तुला 'तू'च म्हणते, वयानं माझ्या लेकीएवढी असशील.

पहिला आठवडा

पहिला चहा सरपंचाकडे होतो, तो होऊ दे. गृहभेटी मात्र गावाच्या टोकाकडून सुरू कर. आधी कोलामांचं पोड, म्हणजे त्यांची वस्ती, मग पारध्यांचा बेडा, मग बौद्धपुरा, चौकातली मोठी घरं सगळ्यात शेवटी. आणि जिथं पाणी पुढे करतील तिथं पी. सिस्टर कोणाच्या घरचं पाणी पिते हे गाव मोजत असतं. माझ्या आधीच्या बाई स्वतःची बाटली घेऊन फिरायच्या. इथलं पाणी बाधतं, असं सांगायच्या. पण चौकातल्या घरी ती बाटली पिशवीतून बाहेर निघत नसे, आणि हे पोडावरच्या बायकांना माझ्याआधीच माहीत होतं. त्या बाईंकडे पोडावरची एकही बाळंतीण आलेली नव्हती.

पाण्याची भीती वाटत असेल तर क्लोरिनची बाटली जवळ ठेव. गेल्या गेल्या त्यांच्याच रांजणात थेंब टाक, झाकण ठेव, अर्धा तास वजनं-मापं कर आणि निघताना त्याच रांजणातलं पाणी माग. तुझंही काम झालं, रांजणाचंही.

म्हातारी माणसं तुला 'डॉक्टरीणबाई' म्हणतील. गोड वाटतं ते. मग संध्याकाळी कोणी तरी येतं, "अशक्तपना हाय, एक सलाईन लावून द्या न, पैसे देतो." तिथं लगेच सांगायचं, मी सिस्टर आहे, डॉक्टर नाही, उद्या डॉक्टरांना दाखवू, मी सोबत येते. हे सांगताना आवाज खाली जाऊ देऊ नको. आपलं काम डॉक्टरच्या कामाचा उरलेला तुकडा आहे असं ज्या सिस्टरला वाटतं, तीच संध्याकाळी सलाईनची पिशवी घेऊन फिरते, असा माझा अनुभव आहे. ट्रेनिंगमध्ये आम्हाला सेवाग्रामला नेलं होतं. तिथं आश्रमात परचुरे कुटी आहे. कुष्ठरोग झालेल्या परचुरेशास्त्रींना गांधीजींनी तिथं ठेवून घेतलं होतं आणि त्यांच्या जखमांची सेवा ते स्वतः करायचे. आमच्या मॅडम त्या कुटीसमोर एवढंच म्हणाल्या, "बघा, बँडेजचं काम कोण करत होतं." तेवढ्यात बस सुटायची वेळ झाली.

रजिस्टर

पेनचं सविस्तर सांगते, कारण माझी चूक तिथं झाली.

१९९९ सालची गोष्ट. अंगणवाडीत गरोदर बायकांची तपासणी होती. चाळीसेक बायका, बाहेर धो धो पाऊस, आणि बीपीच्या मशीनचा रबरी फुगा फाटलेला. दाबला की नुसता फुस्स. मागणीपत्र दोनदा पाठवून झालं होतं. पहिल्या दोघींना मी 'पुढच्या वेळी पाहू' म्हटलं. मग डोक्यात आलं, रकाना रिकामा दिसला तर मीटिंगमध्ये मलाच उभं करतील. भरत सुटले. ११०/७०. पुढची १२०/८०. पुढची परत ११०/७०. मध्येच एक १००/६०, खरं वाटावं म्हणून. त्यात सातव्या महिन्यातली एक पहिलटकरीण होती. तिच्या पायात जोडवी रुतली होती एवढी सूज. मी ती पाहिली. "या दिवसांत पाय सुजतातच गं," असंही मीच म्हटलं आणि ११०/७० लिहिलं.

नवव्या दिवशी तिला झटके आले. वाटेत ज्या डॉक्टरांना दाखवलं, त्यांनी आधी कार्ड पाहिलं. नऊ दिवसांपूर्वी बीपी नॉर्मल. सोबतच्या माणसानं सांगितलं, हिच्या मामाला मिरगी आहे. झालं, मिरगीचं इंजेक्शन देऊन दुपारपर्यंत तिथंच ठेवून घेतलं. संध्याकाळी मोठ्या दवाखान्यात बीपी मोजलं तेव्हा १८०/११० होतं. बाई वाचली. पोटातलं लेकरू गेलं.

मला कोणी जाब विचारला नाही. विचारणार काय? कार्डावर तर सगळं ठीक होतं, माझ्याच सहीनं.

तेव्हा कळलं की रजिस्टर हा साहेबाला दाखवायचा कागद नाही. ते पुढच्या माणसासाठी असतं, जो त्या बाईला आपल्यानंतर हात लावणार आहे. रकाना रिकामा असता तर त्या डॉक्टरांनी मशीन काढलं असतं. मी तो भरला म्हणून काढलं नाही.

आता मी असं करते. मशीन बिघडलं तर रकान्यात पूर्ण शब्दांत लिहिते, 'बीपी मशीन नादुरुस्त, मोजले नाही.' 'निरंक' लिहीत नाही. निरंकचा अर्थ, तपासलं आणि काही निघालं नाही. त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांच्या नावे अर्ज, दोन प्रतींत, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोहोच. ही पोहोच घ्यायला लाजू नको. बाबू म्हणेल, "काय सिस्टर, विश्वास नाही काय?" हसून म्हणायचं, विश्वास आहे, पण फायलीला विश्वास चिकटवता येत नाही. आणि जिच्या चेहऱ्यावर किंवा हातापायावर सूज आहे, डोकं ठणकतं, डोळ्यांपुढं अंधारी येते, पोटात वरच्या अंगाला कळ येते, तिला मशीन दुरुस्त होईपर्यंत थांबवायचं नाही. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात. वीस आठवड्यांनंतर वरचं १४० किंवा खालचं ९० दिसलं की लघवीतलं प्रोटीन तपासायचं आणि डॉक्टरांना कळवायचं, हे तुला पाठ आहे. मलाही १९९९ साली पाठ होतं.

दुसऱ्याचं रजिस्टर वाचायला शीक. चार्ज घेतल्यावर मागच्या दोन वर्षांची पानं निवांत उलट. एखाद्या पानावर ओळीनं सगळ्यांचं हिमोग्लोबिन १०.५, शाई एक, अक्षराचा कल एक, तर ते पान एका बैठकीत, पंख्याखाली भरलेलं आहे. खरं पान गबाळं असतं. कुठं निळी शाई, कुठं काळी, एक ९.२, खाली ६.८ आणि त्याला दोनदा केलेलं गोल, कोपऱ्यात हळदीचं बोट. असं गुळगुळीत पान सापडलं तर आधीच्या बाईचं नाव घेऊन गावभर करू नको. त्या पानावरच्या ज्या बायका अजून गरोदर किंवा ओल्या बाळंतिणी आहेत, त्यांची नावं कागदावर उतरव आणि महिन्याच्या आत पुन्हा रक्त तपास.

बारीकसारीक गोष्टी पटकन सांगून टाकते. चुकलं तर एकच आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे, शेजारी सही आणि तारीख; व्हाइटनर उपकेंद्रात आणूच नको. रात्रीचं सकाळी लिहिलंस तर दोन्ही वेळा लिही, घटना रात्री २.१०, नोंद सकाळी ७.३०. पार्टोग्राफ, म्हणजे कळा कशा पुढे सरकतात त्याचा तक्ता, कळा चालू असतानाच भर. बाळंतपण उरकल्यावर भरलेला पार्टोग्राफ म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका जुळवणं. डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितलं तर नाव, डोस आणि मार्ग परत म्हणून दाखव, 'फोनवरून' असं वेळेसकट लिही आणि ते आले की सही घे. डोस खटकला तर 'सर, चुकलं' म्हणायची गरज नाही. "सर, परत एकदा सांगता का, लिहून घेते," एवढ्यानं दहापैकी आठ वेळा माणूस स्वतःच थांबतो. उरलेल्या दोन वेळा मात्र स्पष्ट बोलायचं, आणि नाही पटलं तर ते इंजेक्शन आपण द्यायचं नाही. कळा वाढवायचं इंजेक्शन त्यातलंच. सासू, नवरा, गावातला तो बॅग घेऊन फिरणारा, सगळे मागे लागतात, "मारून द्या न एक, लवकर सुटन." उपकेंद्रात हे इंजेक्शन, म्हणजे ऑक्सिटोसिन, बाळ बाहेर आल्यावर, दुसरं बाळ पोटात नाही हे पाहून, १० युनिट मांडीत. त्याच्या आधी नाही, कोणीही सांगितलं तरी.

फवारणीचे दिवस

श्रावण ते दसरा आमच्याकडे फवारणी चालते. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, डोक्याच्या वर गेली होती आणि फवारा उलटा तोंडावर येत होता. मी तेव्हा काही महिने ग्रामीण रुग्णालयात डेप्युटेशनवर होते. माणूस आला की कपडे काढायचे, साबणपाण्यानं धुवायचं, आपले हातमोजे आधी घालायचे, डॉक्टरांना हाक मारायची, हे सगळं ठरलेलं. अवघड होतं ते नंतर, कागदावर.

एकदा मजुराला त्याचा मालकच घेऊन आला. मजूर अर्धवट शुद्धीत. मालक माझ्या कानाशी, "दारू पिऊन पडला होता, तसंच लिवा." मजुराची बायको तासाभरानं धापा टाकत आली. ती म्हणाली, सकाळपासून पंप पाठीवर होता, दारूला शिवत नाही हा माणूस. आता खरं कोणाचं? मला काय ठाऊक. मी दोन ओळी लिहिल्या. 'सोबत आलेल्या इसमाच्या म्हणण्यानुसार,' त्याचं नाव, नातं, त्याचं वाक्य. 'पत्नीच्या म्हणण्यानुसार,' तिचं वाक्य. तिसरी ओळ मला दिसलं ते: कपड्यांना औषधाचा वास, घाम, बाहुल्या बारीक, तोंडाला दारूचा वास जाणवला नाही. पोलिसांना कळवणं डॉक्टरांनी केलं. मालक रागावला. बायकोही खूश नव्हती, कारण मी 'फवारणीनेच' असं लिहून दिलं नाही. ते ठरवणं माझं काम नाही हे तिला समजावत बसले, आणि तिला ते त्या वेळी पटलं नाही.

आणि जो स्वतःहून आलेला नसतो, ज्याला घरच्यांनी उचलून आणलेलं असतं आणि कशानं ते सगळ्यांना कळलेलं असतं, त्याच्याशी कसं वागायचं? आमच्यात एक वाईट सवय आहे, नळी घालता घालता रागवायची. 'लेकराबाळांचा तरी विचार करायचा.' मीही रागवायचे. मायेनंच, पण त्या माणसानं तो शब्द ऐकलेला असतो आणि परत घरी तोच शब्द त्याची वाट पाहत असतो. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा तर स्पष्ट म्हणतो की आत्महत्येचा प्रयत्न केलेला माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरायचं आणि त्याची काळजी घेणं सरकारचं काम. म्हणजे आपलं. रागवायच्या जागी आता मी नातेवाइकांना बाहेर काढते, स्टूल ओढून बसते आणि विचारते, "दादा, झोप कधीपासून नाही?" बहुतेक जण तिथून बोलायला लागतात. डिस्चार्जच्या कागदामागं टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोठ्या अक्षरात लिहून देते; तो फुकट आहे आणि मराठीत बोलतात. आठ दिवसांनी घरी जाऊन येते, बीपी तपासायच्या निमित्तानं. त्या भेटीची रजिस्टरात नोंद बीपीचीच, आणि बीपी खरोखर मोजलेलं.

न सांगणं

आता तोंडाचं.

आपल्याकडे सिकलसेल, म्हणजे आईबापाकडून येणारा रक्ताचा आजार, भरपूर. ज्याच्यात एकच जनुक आलंय तो वाहक. तो नांगर धरतो, विहीर खोदतो, त्याला काही होत नाही. वाहक-वाहक लग्न झालं तर प्रत्येक बाळंतपणात लेकरू आजारी निघायची शक्यता २५ टक्के, वाहक निघायची ५०, आणि २५ टक्के अगदी निर्मळ. हे गणित गावात पोचता पोचता 'त्या घरात सिकल हाय' एवढंच उरतं, आणि पोरीची सोयरीक मोडते. पोराची नाही, पोरीचीच.

लग्नसराईच्या आधी, साधारण संक्रांतीनंतर, तुझ्याकडे ओली तूर घेऊन कोणी तरी मावशी येईल. माझ्याकडे आली होती. शेंगांची पिशवी टेबलावर ठेवली, पदरानं तोंड पुसलं, पोराची चौकशी केली. मग खुर्ची पुढे सरकवली.

"सिस्टर, त्या कोपऱ्यातल्या घरची पोट्टी, तिचा सिकलचा रिपोट कसा हाय वो?"

"मावशी, कोणाचाच रिपोर्ट मी सांगत नाही."

"आमी काय परके हावो? भाचाले पाह्यलं तिले."

"परके नाही. पण नाही सांगत."

"म्हंजे काही तरी हाय."

इथं जीभ घसरते. पोरगी माझ्या माहितीनं निर्मळ होती. 'काही नाही हो, चांगली आहे पोरगी,' एवढं बोलले असते तर लग्न जमलं असतं, मावशी खूश, मीही पुण्यवान. पण मग पुढच्या वेळी, ज्या पोरीचा रिपोर्ट वाहक आहे तिच्याबद्दल विचारल्यावर मी 'सांगत नाही' म्हणेन, आणि ते न सांगणंच सांगणं होईल. म्हणून ज्याचं चांगलं आहे त्याचंही सांगायचं नाही. सगळ्यांना एकच उत्तर, एकाच आवाजात. नव्या पोरी इथंच चुकतात. वाईट बातमी त्या लपवतात, चांगली वाटून टाकतात.

मी मावशीला म्हटलं, "तुमच्या भाच्याची तपासणी झाली का? नाही ना. मग त्याला मंगळवारी पाठवा. दोघांचं ठरत असेल तर दोघांनी मिळून यावं, दोघांसमोर दोघांचे रिपोर्ट मी स्वतः समजावून सांगते." मावशी उठली. शेंगांची पिशवी परत घेऊन गेली, हे मात्र सांगायला हवं. मी दोन दिवस हसत होते.

आमच्या वेळी कॉलेजात पणत्या लावून शपथ झाली होती. तिला नाइटिंगेलची शपथ म्हणतात, पण ती त्या बाईंनी लिहिलेली नाही; १८९३ साली अमेरिकेत डेट्रॉईटला तयार झाली. तिच्यात एक ओळ आहे की कामात कळलेल्या खासगी गोष्टी मी गुप्त ठेवीन. लिहिणाऱ्यांचा दवाखाना शहरातला होता. आपण राहतो तिथं रुग्ण, शेजारीण, दूधवाली आणि भिशीतली मैत्रीण एकच बाई असते, आणि गुपित बहुतेक वेळा तोंडातून फुटतच नाही. आपल्या पायांतून फुटतं. महिन्यातून दोनदा त्याच एका घरी तू का जातेस, हे गल्ली पाहते. म्हणून टीबीच्या किंवा एचआयव्हीच्या माणसाकडे जायचं तर आजूबाजूच्या चार घरीही जा. एचआयव्हीबद्दल तर २०१७ चा स्वतंत्र कायदा आहे, त्या माणसाच्या संमतीशिवाय उघड करायला मनाई आहे. अंगणवाडीत रजिस्टर उघडं टाकून लघवीला जाऊ नको. सरपंचबाईंचे यजमान पानं चाळत बसलेले मी पाहिलेत. पोडावर दुभाष्या लागला तर नवऱ्याला घेऊ नको, बाईनं सांगितलेल्या एखाद्या दुसऱ्या बाईला घे. आशाताईला कामापुरतं सांग. ती त्याच गावची सून आहे, नको तेवढं तिच्या डोक्यावर ठेवलंस तर तिलाच त्रास.

आणि फोटो. वरून मेसेज येतो, शिबिराचे फोटो ग्रुपवर टाका. पाठमोरे टाक. हात, वजनकाटा, पाट्या, काय हवं ते. नावांची यादी तर कोणत्याच ग्रुपवर नाही.

सोळा की एकोणीस

यावर माझ्याकडे गोड उत्तर नाही, पण तुला हे लवकरच समोर येईल.

सासू पोरीला घेऊन येते. "एकोणीस लागलं आता." पोरीच्या हातातला हिरवा चुडा कोरा. मी वय विचारत नाही, शाळा विचारते. दहावीला कधी होतीस, ताई कितवीत आहे, असं करत हिशेब लागतो. सोळा. अठराच्या आतली गरोदर, म्हणजे २०१२ चा पोक्सो, मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा कायदा. कलम १९ प्रमाणे कळवणं बंधनकारक, न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. 'लग्न लागलंय ना' हेही चालत नाही, ऑक्टोबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो रस्ता बंद केला.

वय वाढवून लिहायचं नाही. हे एवढं एक मला पक्कं आहे. ११०/७० नंतर तर जास्तच. पण क्रम महत्त्वाचा. आधी तपासणी, रक्त, बीपी, गोळ्या, कार्ड. मग पोरीला एकटीला बसवून साध्या शब्दांत सांगायचं की मला हे कळवावं लागणार आहे, का ते, आणि तरीही तुझी तपासणी आणि बाळंतपण सगळं होणार. मग तिच्या आईला. मग त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांना लेखी. पोलीस दारात आल्यावर तिला कळलं की सिस्टरनं सांगितलं, तर ती परत कधीच येत नाही. गर्भपात हवा असेल तर डॉक्टरांशी बोलायला ताबडतोब घेऊन जा. सर्वोच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०२२ च्या निकालानुसार, अल्पवयीन मुलीनं आणि पालकांनी विनंती केली तर डॉक्टरांना पोलिसांना कळवताना तिचं नाव उघड करावं लागत नाही. हे ठाऊक नसल्यानं बरेच जण घाबरून भलतीकडे जातात.

मी हा क्रम पाळला आणि तरी एका पोरीला घरच्यांनी रातोरात आदिलाबादकडं नातेवाइकांकडे पाठवलं. आठ महिन्यांनी ती कडेवर लेकरू घेऊन लसीला आली. माझ्याकडे पाहिलं नाही. मी लस दिली, कार्ड भरलं, ताप आला तर काय करायचं ते सांगितलं. ती मान हलवत होती, खाली पाहून. अजूनही लसीला येते, अजूनही पाहत नाही.

पेढे

पोरगा झाला की पाचशेची नोट, पोरगी झाली की शंभराची, आणि दोन्ही 'खुशीनं.' २०११ पासून जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी दवाखान्यातलं बाळंतपण, औषधं, तपासण्या, जेवण, गाडी, सगळं मोफत आहे. तेव्हा नोट कोणतीच नाही, लुगडंही नाही. पेढा आणला तर सगळ्यांसमोर एक खायचा, उरलेला पुडा वॉर्डातल्या नातेवाइकांत फिरवायचा. पोरीच्या वेळी पेढे येत नाहीत. तेव्हा मी माझ्याकडून गुळाचा खडा वाटते. पहिल्यांदा वाटला तेव्हा एका आजीनं तो हातात धरून विचारलं होतं, "हे कायचं?" नात झाली ना, म्हटलं. तिनं तो पदरात बांधला, खाल्ला नाही.

मूल लांबवायच्या तांबीचंही इथंच सांगते, कारण तिथंही हिशेब शिरतो. मार्च आला की आकडा मागतात. कळा चालू असलेल्या बाईची 'हो' ही हो नसते. सातव्या-आठव्या महिन्यात विचार, फायदे-तोटे सांग, तांबी हातात देऊन दाखव, नाही म्हणाली तर रजिस्टरात 'नकार' लिही आणि तिच्याशी आधीसारखंच बोल.

बदली होईल तेव्हा

२०१९ मध्ये तिसऱ्या उपकेंद्रातून माझी बदली झाली. चार्ज द्यायला बसलो: सक्शन, वजनकाटे, लसीचे कॅरियर, रजिस्टरं मोजून. नवीन सिस्टर चुणचुणीत होती. म्हणाली, "ताई, गावात कोण कसं आहे तेवढं सांगून ठेवा ना, सोपं जाईल." मी तिला नळाला पाणी कोणत्या दिवशी येतं ते सांगितलं, आणि कोणाचं कुत्रं चावरं आहे ते.

माझ्या पेटीत खिशात मावणाऱ्या अकरा डायऱ्या होत्या. सरकारी नव्हेत, माझ्या. घरोघर फिरताना खरडलेल्या. कोणाला नवरा मारतो, कोणाला तांबी आहे आणि घरी ठाऊक नाही, कोणाची पोरगी नागपूरला का पाठवली. पुढच्या बाईला उपचारासाठी जे लागणार होतं ते बहुतेक रजिस्टरात होतं. सहा नावं राहिली होती. त्या सहा जणींकडे जाऊन विचारलं, हे नव्या सिस्टरला कळवू का. चौघी हो म्हणाल्या, त्यांचं चढवलं. दोघी नको म्हणाल्या.

त्या रात्री परसात बंब पेटवला आणि अकराही डायऱ्या आत सारल्या. पुठ्ठे ओले होते, धूर फार झाला, शेजारीण खोकत बाहेर आली, "काय जाळता वो?" जुने कागद, म्हटलं. पाणी जेमतेम कोमट झालं.